एकही भांडं गळकं नको

४ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

मी बरी आहे, डावा गुडघा सोडून. तो आता वेगळा राहतो, माझं ऐकत नाही. फोनवर बोलायचं तर तुम्ही तिकडून ओरडता, मी इकडून ओरडते, आणि शेवटी दोघींना कळतं एवढंच की समोरची ओरडत होती. त्यापेक्षा हे बरं. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. पण तुम्ही जन्मभर नर्स होतात, डॉक्टरांचं लिहिलेलं वाचलंत, तुम्हाला माझं काय जड?

आपल्या नातीनं, भिंगरीनं, माझ्यासाठी धाडलेला दिवा लावला. तुमच्याच मागच्या पत्र्याच्या खोलीत तिची ठोकाठोक चालते, तेव्हा घडताना तुम्ही तो पाहिला असेल. पण लागलेला माझ्या खोलीत पाहायला हवा. चहाच्या जुन्या गाळण्या, दांडे मुडपून एकीत एक अडकवलेल्या, मधे एवढासा बल्ब. बटण दाबलं आणि भिंतभर जाळी पडली. माझ्या अंगावरही पडली. हात पुढे केला तर हातावर नक्षी! लग्नानंतर मला कुणी इतकं नटवलं नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या बायका बघून गेल्या. वरच्या मजल्यावरच्या मावशी चष्मा वर करून म्हणाल्या, "अहो, पण ह्यात आता चहा गाळता येईल का?" म्हटलं, तुम्ही चहाच गाळा, तुमच्याच्यानं तेवढंच होणार. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलंय बघा. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं. आमच्याकडं माझे सासरे दोरीच्या तुकड्यांपासून खाटा विणायचे, त्यांच्यावर गेली पोर. तुमच्याकडं कुणी असं काही करत होतं का? नसेल तर राहू द्या, मी सहज विचारलं.

आता खरी गोष्ट. तुमच्या शहरात ते नवं रुग्णालय होतंय ना, त्याच्या बाहेरच्या दालनात मोठा दिवा हवाय, जिथं माणसं आपला नंबर येईस्तोवर बसतात तिथं. भिंगरीला नमुना दाखवायला बोलावलंय. आणि आमचे चिरंजीव, म्हणजे तुमचे जावई, काय म्हणाले ते तुमच्या कानावर असेलच. त्याचं दिव्यांचं दुकान. जगाला झुंबरं विकतो आणि पोटच्या पोरीनं भंगारातून दिवे करायचे म्हणजे त्याला गिऱ्हाइकापुढं मान खाली घालावीशी वाटते. म्हणाला, "हे दालन मिळालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही मिळालं तर पत्र्याची खोली बंद, आणि मुकाट्यानं दुकानात गल्ल्यावर बसायचं." पोरगीही बापाचीच, म्हणाली "कबूल." आणि ह्यानं खुर्चीसुद्धा आणून ठेवलीय तिच्यासाठी! अजून प्लास्टिक काढलेलं नाही. मी दुकानात गेले की ती खुर्ची माझ्याकडं बघते.

म्हणून मी कामाला लागलेय. भिंगरीनं निरोप धाडला, "आजी, गल्लीतली जुनी, गळकी, भोकं पडलेली भांडी गोळा करून पाठव. पितळ, तांबं, पत्रा, काहीही. जशी आहेत तशी." चांगली भांडी मागायला संकोच वाटला असणार पोरीला. नातीनं मागावं आणि आजीनं गळकं धाडावं? चार शहरी माणसं बघणार. तिला भोकं हवीच असतील तर ती आपल्या जागी, सुबक पाडून घेईल. उंदरानं कुरतडल्यासारखी भोकं कुठं मिरवायची? मी डाखवाल्याला अंगणात बसवलाय. भोकाला डाख, आतून कल्हई, बाहेरून मी आणि चिंच. एकही भांडं गळकं येणार नाही, माझा शब्द.

तुमची विहीण

१६ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

पत्र मिळालं. वाचता आलं. गुडघा सकाळ-संध्याकाळ शेका. तेलाचे प्रयोग नकोत, आणि चिंच घेऊन उकिडवं बसणं तर अजिबात नको.

खोका पोचला. भिंगरीनं माझ्यासमोरच उघडला. एकेक भांडं वर धरून उजेडाकडं पाहिलं. मग सगळी जमिनीवर मांडली आणि मधे बसून राहिली. भांडी आरशासारखी आहेत, त्यात शंका नाही. मला माझा चेहरा दिसला आणि केस विंचरायचे राहिलेत हेही दिसलं. "आजीनं किती राबलंय गं," असं ती दोनदा म्हणाली. शेवटी एक तांब्या पोटाशी धरून खोलीत गेली.

तिनं माझी एक जुनी बादली आधीच नेली होती. बुडाला गंजून भोकं पडलेली. ती उलटी टांगून आत बल्ब लावलाय. भिंतीवर ठिपके पडतात, एक मोठा, दोन बारीक, कसेही. मला तर बरं वाटलं बघायला. नमुना म्हणून तीच घेऊन जाणार आहे.

पुढच्या खेपेला तुम्ही एवढी मेहनत घेऊ नका. खरंच सांगते. जसं असेल तसं चालेल.

माझे वडील फाटक्या छत्र्यांच्या काड्यांतून पोरांना भोवरे करून द्यायचे. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

तुमची विहीण

२५ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र शिंपीणबाईकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मला वाचता येतं, पण गल्लीनं ऐकायला नको का? "आरशासारखी" हा शब्द तिच्याकडून तीनदा वाचून घेतला. डाखवाला तिथंच भाता मारत बसला होता, त्यानं भाताच थांबवला. म्हणाला, "आजी, शहरातल्या नर्सबाई असं म्हणाल्या?" तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत. आता तो डाख लावतो, भांडं पाण्यानं भरतो, बुडाखाली कोरडा कागद धरतो, आणि कागद मला दाखवतो. कागद ओला झाला नाही की मिशीला हात.

"एवढी मेहनत घेऊ नका" म्हणे! तुम्ही बाई फार भिडस्त. माणूस नको नको म्हणतं तेव्हाच त्याच्या ताटात वाढायचं असतं, एवढं मला तिसरीच्या आधीपासून कळतं. दुसरा खोका पहिल्याच्या दुप्पट आहे. वरच्या मावशींचा बंब आला, शिंपीणबाईचं घंगाळ आलं, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या पत्र्याच्या डब्यांची झाकणंसुद्धा. कुणाच्या माळ्यावर काय काय असतं, आणि ते खाली आलं की कुणाचं कुणाला काय काय आठवतं! मावशींच्या बंबात एक मोजा निघाला. त्या म्हणे तो गेली कैक वर्षं शोधत होत्या. दुसरा तोवर फेकून दिला होता.

तुमची लेक मधे मला काही सांगायला आली होती. "सासूबाई, अहो, भिंगरीला मुळात गळकीच..." म्हटलं, सूनबाई, तू नोकरी सांभाळ, डबा सांभाळ, भांडी माझ्यावर सोड. ती तोंडावर पदर धरून आत गेली. हसत होती की काय, कोण जाणे. आजकाल ती फार हसते.

आणि चिरंजीव. काल दुकानातून जेवायला आला, अंगणात उभा राहिला. एका बाजूला डाखाची वाट बघणारी भांडी, दुसऱ्या बाजूला झालेली. म्हणाला, "ह्या भंगारावर एवढा डाख वाया घालवता?" मी चिंच चोळत राहिले. बोलले असते तर त्याचं जेवण राहिलं असतं. मग त्यानं ढिगातून दुधाचं जुनं पितळी पातेलं उचललं. त्याच्या लहानपणचं ते. साय खायला तो त्यात डोकं घालायचा आणि एकदा डोकं अडकलं होतं. गल्लीतून तसाच धावत गेला होता, तोंडावर पातेलं. बराच वेळ फिरवून फिरवून बघत होता. मग झालेल्या भांड्यांत नीट ठेवून आत गेला आणि म्हणाला, आमटी खारट आहे. आमटी खारट नव्हती.

पोरीला सांगा, आजी आहे पाठीशी.

छत्रीच्या काड्यांचे भोवरे म्हणजे काही दिवे नव्हेत हं.

तुमची विहीण

४ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका. दार लावून एकट्या वाचा.

सुई टोचायची तर पटकन टोचावी, असं आम्हाला शिकवलं होतं. मी मागच्या पत्रात टोचली नाही, त्याचा त्रास आता वाढला. भिंगरीनं मला शपथ घातली होती, आजीला कळू द्यायचं नाही म्हणून. शपथ मोडते.

तिला भांडी हवी होती ती भोकांसाठीच. झिजून झिजून, उकळून, आपटून पडलेली भोकं. "ही कुणी पाडलेली नाहीत, नानी. घरातल्या माणसांनी वापरता वापरता पडलीत, म्हणून एकासारखं दुसरं नाही," असं ती म्हणते. प्रत्येक भांड्यातून वेगळा उजेड पडणार होता. तुमच्या डाखवाल्यानं एकही भोक ठेवलं नाही. पहिल्या खोक्यात नाही आणि दुसऱ्यातही नाही. माणूस कामाला पक्का आहे, काय बोलणार. ड्रिलनं भोकं पाडून पाहिली. सगळी एकसारखी गोल, भांडं चाळणीसारखं दिसायला लागलं. तिनं ते बाजूला ठेवलं.

अजून एक. बादलीचा नमुना घेऊन ती गेली होती. मीही सोबत होते. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः बाकावर बसल्या आणि वर पाहिलं. चांगल्या आहेत हो बाई, उगाच नाकं मुरडणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, "सुंदर आहे. पण ठिपका थेट डोळ्यात येतो. इथं बसलेली माणसं आधीच टोचून घेऊन आलेली असतात." मला ते पटलं. मी त्या बाकांवर माणसं पाहिलीत. भिंगरीलाही पटलं, तेच तर वाईट. वीस तारखेला एकदा शेवटचं दाखवायला बोलावलंय.

म्हणजे गळकी भांडी असती तरी भागलं नसतं, आणि आता तर गळकीही नाहीत. काल ती हत्यारं पुसून पेटीत भरत होती. मला म्हणाली, "नानी, बाबांच्या त्या खुर्चीला चाकं आहेत का गं?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

तुमच्यावर ती रागावलेली नाही. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तुमची विहीण

७ फेब्रुवारी

नर्सबाई,

दार लावून वाचलं. मग दार उघडलंच नाही दिवसभर. सूनबाईनं तीनदा चहा आणून दाराशी ठेवला, तीनदा तो गार झाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सूनबाई तोंडावर पदर का धरत होती ते आता कळलं. बिचारी हसत नव्हती, बोलायचं दाबत होती. पोरीनं साध्या शब्दांत सांगितलं होतं, "जशी आहेत तशी." मी कान दिला, पण मन माझंच ऐकत होतं. एवढं डोकं लावायला मला सांगितलं कुणी होतं? पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा मीच.

डाखवाल्याला विचारलं, बाबा, होतील का ती भोकं पुन्हा मोकळी? तो उठून उभाच राहिला. "आजी, माझा डाख सुटत नाही. आणि सुटला तरी मी सोडवणार नाही. माझ्या बापानं मला भोक बुजवायला शिकवलं, उघडायला नाही." आणि भाता उचलून चालता झाला. त्यात गल्लीचा दुसरा घोळ. भांडी आता गळत नाहीत हे बायकांना उमगलंय. वरच्या मावशी म्हणतात, "पोरीला नको असेल तर माझा बंब परत मागवा, थंडी आहे." शिंपीणबाईला घंगाळ हवंय. तोंडानं दिलं होतं कायमचं, आणि आता बघा! गळकं असतं तर कुणी विचारलं असतं का?

मला खरं सांगा, रडली का ती? ती लहानपणी रडायची नाही, गप्प होऊन काहीतरी उलगडत बसायची. घड्याळ, पेन, एकदा माझी जपमाळ. मला तेच जास्त लागायचं.

एक सांगते, म्हणजे माझं समर्थन म्हणून नाही, पण मी घासते ते उगाच नाही. तिला आठवत असेल. वीज जायची तेव्हा ती माझ्यापाशी अभ्यासाला बसायची. मेणबत्ती पुढं ठेवली की डोळे चोळायची, "आजी, टोचतंय." मग मी मेणबत्ती वहीपुढं ठेवायचीच नाही. बाजूला डब्याआड ठेवायची, आणि मेणबत्तीमागं घासलेली पितळी परात उभी करायची. ज्योत परातीकडं, आणि परातीतून मऊ उजेड वहीवर. डोळ्याला ज्योत दिसायचीच नाही. अख्खी खोली पिवळी व्हायची, लोणी फासल्यासारखी. तेव्हा ही म्हणायची, आजी, परात अजून घास. म्हणून मला वाटलं हो, चकचकीत भांडं पोरीला आवडतं. म्हातारीच्या डोक्यात जुनंच राहतं, दुसरं काय.

खुर्चीला चाकं आहेत. चार.

तुमची विहीण

१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

घाईत लिहिते आहे. ताप नाही, धाप आहे.

तुमचं पत्र मी भिंगरीला वाचून दाखवलं. ती पेटीवर बसून ऐकत होती. "परात अजून घास" इथं आले आणि तिनं माझा हात धरला. "परत वाच नानी." वाचलं. "अजून एकदा." मग उठली आणि माझ्या स्वयंपाकघरातून वाटी नेली, विचारलंही नाही. वाटीत बल्ब ठेवला, तोंड वर. त्याच्यावर तुमचा मोठा हंडा पालथा टांगला. बटण दाबलं.

तुम्ही लोणी म्हणालात ते बरोबर आहे. मला दुसरा शब्द सुचत नाही.

बल्ब दिसतच नाही. उजेड वर जातो, कल्हईला लागतो आणि खाली उतरतो. आम्ही दोघी त्याच्याखाली उभ्या राहिलो आणि माझ्या हातावरच्या शिरासुद्धा बऱ्या दिसल्या. भिंगरी म्हणाली, "कल्हई नसती तर हे झालंच नसतं. आजीला काय कळलं होतं गं?" म्हटलं, तिला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "हो, तेच म्हणते मी."

आता सगळी भांडी पालथी टांगायची, उंच-सखल, बंबापासून तांब्यापर्यंत, प्रत्येकाखाली उजेडाची वाटी. डाखाचे चट्टे आतून ढगांसारखे दिसतात, ते ती झाकणार नाही म्हणते. तेव्हा गल्लीतल्या बायकांना सांगा, भांडी मिळणार नाहीत. काय सांगायचं ते तुम्ही बघा, तुमची जीभ समर्थ आहे.

रडली होती. त्या दिवशी. आज नाही.

तुमची विहीण

१५ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र वाचून मी डावा गुडघा विसरले आणि अंगणात तीन गिरक्या घेतल्या. आता उजवाही दुखतोय. दुखू दे.

बायकांना सांगितलं. "ज्यांना भांडी परत हवीत त्यांना मिळतील, पण मग त्या दालनात तुमचं भांडं नसेल, शेजारणीचं असेल." बस्स. वरच्या मावशी घरी गेल्या आणि अजून एक कळशी घेऊन आल्या.

डाखवाल्याच्या घरी मी स्वतः गेले. म्हटलं, तुझा डाख राहतोय आणि कल्हई तर सगळ्यांच्या वर चढतेय. तो म्हणाला, "मग? मी काय सांगत होतो?"

चिरंजीवांना अजून काही सांगितलेलं नाही. वीस तारखेनंतर बघू. तो रोज त्या खुर्चीवरची धूळ झटकतो.

तुमची विहीण

२० फेब्रुवारी

विहीणबाई,

डॉक्टरीणबाई बाकावर बसल्या. वर पाहिलं. मी मनात नाडी मोजायला लागले, माझीच. शेवटी म्हणाल्या, "मला पाच मिनिटं इथं बसू द्या, सकाळपासून बसले नाही."

दालन भिंगरीचं. जावईबापूंना सांगा.

तुमची विहीण

१८ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

दालन बघून काल रात्री घरी पोचलो. आज लगेच लिहायला बसले, कारण तुम्ही त्या डॉक्टरीणबाईंशी बोलण्यात गुंगला होतात आणि मागं काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही. तुमच्या नर्सांच्या गप्पा संपतात कधी?

अख्खी गल्ली बसनं आली होती हे तुम्ही पाहिलंत. आत शिरल्यावर आम्ही सगळ्या आधी गप्प झालो, आणि आम्ही गप्प होणं म्हणजे काय ते ड्रायव्हरला विचारा. केवढं उंच छत, आणि तिथून ती सगळी भांडी खाली उतरलेली, पालथी, जणू कुणी घासून वाळत घातलीत. आणि खाली तो उजेड. खरीखुरी माणसं बसली होती, नंबराची चिठ्ठी मुठीत घेऊन. एक बाप्या पोराला मांडीवर घेऊन बसला होता, पोर झोपलेलं, दोघांच्या तोंडावर सारखाच पिवळेपणा. मला वाटलं जाऊन सांगावं त्याला, हा माझ्या घरचा आहे उजेड. सांगितलंच. तो म्हणाला, "बरं आजी."

मग मावशींनी सुरुवात केली. "अगं तो बघ माझा बंब! तो मोठा, मधला!" शिंपीणबाई, "मधला नाही तो, मधे माझं घंगाळ आहे." तिथला रखवालदार बोट ओठांवर ठेवून आला, तर मावशींनी त्यालाच हाताला धरून बंब दाखवला. तो म्हणाला, "बाई, रोज तर बघतो मी." मावशींना एवढा आनंद झाला की पेढा हातावर ठेवावा तसा त्यांनी तो मोजा काढून दाखवला. जवळ बाळगतात आता.

आमचे चिरंजीव मात्र वेगळेच उभे होते. मी दुरून बघत होते. ते भांड्यांकडं बघतच नव्हते. वाट्यांकडं बघत होते, तारांकडं, जोडांकडं. दुकानदाराची नजर. भिंगरी शेजारी येऊन उभी राहिली, हात पाठीमागं धरून, शाळेत उभी राहायची तशी. मग हा म्हणतो, "होल्डर कुठला लावलास?" तिनं सांगितलं. "तार उघडी नाही ना कुठं?" "नाही बाबा." "बल्ब गेला तर बदलणार कसा?" तिनं भिंतीवरची कप्पी दाखवली, दोरी सोडली की वाटी खाली येते. ह्यानं दोरी ओढून बघितली. सोडली. पुन्हा ओढली. म्हणाला, "हं." विहीणबाई, मी ह्या माणसाला जन्म दिलाय. त्याचं "हं" मला ठाऊक आहे. त्याच्या बारशाला एवढा आनंद झाला नव्हता मला.

आणि इतक्यात डाखवाला ओरडला. नवा सदरा घालून आला होता, आल्यापासून मान वर करून एकेक भांडं तपासत होता. "गळतंय! आजी, एक गळतंय!" बोट छताकडं. सगळ्यांनी वर पाहिलं. तिथं, पांढऱ्या छतावर, उजेडाचं एक टिंब. एकच. चांदणी म्हणावी तर चांदणी. खाली बघितलं तर त्याच्याखाली आमचं दुधाचं पातेलं! बुडाला एवढंसं भोक, आणि त्यातून उजेड निसटून सरळ वर.

डाखवाल्याचं तोंड उतरलं हो. "हे माझ्या हातून सुटलं कसं? मी बुडाखाली कागद धरून बघितलंय प्रत्येकाच्या!" आणि त्याच्या हातून सुटलंच नव्हतं, त्याच्या हाती गेलंच नव्हतं ते. मला तिथल्या तिथं अंगण आठवलं. गळक्यांतून उचलून झालेल्यांत कुणी ठेवलं होतं? मी चिरंजीवांकडं बघितलं. तो बुटाकडं बघत होता.

डाखवाला तर हट्टालाच पेटला. "शिडी आणा. आत्ता बुजवतो, डाख आहे खिशात. शहरातली माणसं काय म्हणतील? माझं नाव जाईल." रखवालदाराकडं शिडी मागतोय, बाह्या सरसावतोय. आणि तेव्हा आमचा हा, भर दालनात, त्या सगळ्या आजारी माणसांपुढं, दुकानातल्या आवाजात ओरडला, "हात लावायचा नाही! माझ्या पोरीनं ठेवलंय ते."

रखवालदार पुन्हा बोट ओठांवर घेऊन आला. ह्यानं त्याची माफी मागितली. मग हळू आवाजात डाखवाल्याला म्हणाला, "ते दुधाचं पातेलं आहे. लहानपणी, ते गळायला लागल्यावरसुद्धा, मी त्यात डोकं घातलं की त्या भोकातून बाहेरचं दिसायचं." एवढंच. भिंगरी बापाकडं बघत होती आणि छतावरच्या त्या टिंबाकडं बघत होती. तिनं विचारलं, "बाबा, ते तुम्ही?" तो म्हणाला, "कप्पीला तेल लागेल. मी पाठवून देईन."

तर हे तुमचं चुकलं, आणि तुम्ही तिकडं कसल्याशा गोळ्यांची नावं घेत बसलात.

आता तक्रार. आज सकाळी उठते तो माझ्या खोलीत अंधार. गाळण्यांचा दिवा गायब! चोर म्हणावं तर पैशांचा डबा जागेवर. दुकानात गेले. चिरंजीवांनी झुंबरं बाजूला सारून काचेत मधोमध माझा दिवा टांगलाय. खाली ती खुर्ची, प्लास्टिक काढून, आणि खुर्चीवर गिऱ्हाइकाला बसवून वर बघायला लावतोय. गिऱ्हाईक विचारत होतं, केवढ्याला? हा म्हणे, "विकायचा नाही. नुसता बघा." म्हटलं, अरे मेल्या, तो माझा आहे. तर म्हणतो, "आई, तू तर बघितलायस ना."

आज साध्या बल्बाखाली लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं. भिंगरीला सांगा, आजीला दुसरा दिवा हवा. ह्यावेळी काय पाठवायचं ते तिनं नीट सांगावं, मी जसं असेल तसं पाठवीन. फक्त वरून एक हात फिरवीन चिंचेचा.

आणि ती कुणावर गेली ते आता ठरलं. तुमचे भोवरे नकोत आणि आमच्या खाटा नकोत. ती बापावर गेलीय, आणि ते तुम्ही मान्य करा, म्हणजे मलाही करता येईल.

तुमची विहीण